समुपदेशक मॅडम आल्या. आता बाकीच्यांनी काय करायचं?

प्रश्न असा आला आहे: "मी पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत पर्यवेक्षक आहे. पाचवी ते दहावी, साडेआठशे मुलं. यंदा संस्थेनं आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या समुपदेशक नेमल्या. तेव्हापासून वर्गात मूल रडलं, भांडलं, गृहपाठ आणला नाही, की सगळ्यांचं एकच उत्तर असतं, 'मॅडमकडे पाठवा.' मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. बाकीच्या दिवशी काय? आणि शिक्षकांनी, कार्यालयानं यात किती पडायचं, कुठं थांबायचं?"

उत्तर:

शाळांतल्या माझ्या सव्वीस वर्षांपैकी पहिली चौदा मी नागपुरात विज्ञान शिकवलं. मग समुपदेशनाचं शिक्षण घेतलं आणि आता त्याच कामासाठी वेगवेगळ्या शाळांत जाते. म्हणजे मुलांना 'पाठवणारी' मी होते आणि ज्यांच्याकडे पाठवतात तीही मीच आहे. त्यामुळे दोन्हीकडची कुरकुर मला पाठ आहे.

आधी साधा हिशेब मांडू. दोन दिवस, दिवसाचे सहा तास, म्हणजे आठवड्याला बारा तास. एका मुलाला अर्धा तास द्यायचा तर आठवड्यात चोवीस मुलं होतात. ८५० मुलांची एक फेरी पूर्ण व्हायला पस्तीस-छत्तीस आठवडे लागतील. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात; दिवाळीची सुट्टी धरली तर शेवटच्या मुलाचा नंबर मार्चमध्ये लागेल, तोही एकदाच. याचा अर्थ समुपदेशक नको असा कुणी काढू नये. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल जे निर्देश दिले, त्यांत शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असं सांगितलं आहे. तुमच्या संस्थेनं बरोबरच केलं. पण त्याच निर्देशांत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलेलं दिसत नाही: सगळ्या शिक्षकांना *आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना* वर्षातून किमान दोनदा याचं प्रशिक्षण द्यायचं आहे. शिक्षकेतर म्हणजे शिपाई, लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा परिचर. माझ्या मते सगळं काम तिथूनच सुरू होतं. कारण मूल कुणाला सांगेल हे आपण वेळापत्रक लावून ठरवू शकत नाही. ते मूल ठरवतं, आणि बरेचदा अशा माणसाला सांगतं ज्याच्या हातात त्याचे गुण नसतात.

एक मुलगा सांगते. सातवीचा, अनुदानित शाळेतलाच. वर्गशिक्षिकेची तक्रार होती की हा दुपारनंतर काहीच लिहीत नाही, झोपतो, उठवलं तर उलट बोलतो. 'मॅडमकडे पाठवा' या नियमानं तो माझ्यासमोर आला. मी विचारलं, तो 'काही नाही' म्हणाला. दुसऱ्यांदाही 'काही नाही'. मी त्याची गणिताची वही मागून घेतली.

वही बघायची एक पद्धत असते. आपण बरोबर-चूक बघतो; मी त्या दिवशी नुसतं अक्षर बघितलं. मधल्या सुट्टीआधीच्या तासाला केलेली उदाहरणं नीट, ओळीत, समासाला धरून. सुट्टीनंतरच्या तासाला तेच अक्षर रेषेखाली घसरत जातं, तिसऱ्या उदाहरणाला नुसते अंक उरतात, पुढे फक्त तारीख. जिथं तारीख तिथं खाली लाल शाईत 'काम अपूर्ण'. मी मोजले, चौदा वेळा. बाईंनी चौदा वेळा वही तपासली होती, म्हणजे त्या कामचुकार मुळीच नव्हत्या. फक्त हे काम दिवसाच्या कोणत्या वेळी अपूर्ण राहतं, तिकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. गणिताचा तास कधी सुट्टीआधी, कधी सुट्टीनंतर, म्हणून ते वहीत इतकं स्पष्ट उतरलं होतं.

मग मी खाली गेले. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई म्हणाल्या, "त्याले तिसऱ्यांदा वाढते मी. बाकीचे पोट्टे खेळत खेळत खातेत, थो नुसता गिळते." गेटवरच्या शिपाईभाऊंना सहज विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, थो तं पहाटे कळमन्यात असते. मी भाजी आनाले जातो तं दिसते मले. काकासंगं संत्री निवडते." वडील हमाल, पाठीला मार लागून घरी बसलेले. कळमना मार्केटातली वडिलांची जागा जाऊ नये म्हणून पोरगा पहाटे चारपासून काकाबरोबर उभा. साडेदहाला शाळा. मधल्या सुट्टीत पोटभर भात. त्यानंतर कोण जागं राहील?

बाईंना वही माहीत होती, ताईंना भूक माहीत होती, भाऊंना पहाट माहीत होती. एकाच इमारतीत तिघंही रोज एकमेकांना नमस्कार करत होते. माझ्या खोलीत मात्र 'काही नाही' एवढंच आलं होतं.

पुढे जे झालं त्यात समुपदेशन असं फारसं नव्हतंच. वर्गशिक्षिका संध्याकाळी त्याच्या घरी गेल्या. आईला शाळेत बोलावलं असतं तर तिची दोन घरची कामं बुडाली असती. चौदा वर्षांखालच्या मुलाला असं कामाला लावणं कायद्यात बसत नाही, हे सांगावं लागलंच. पण ते चहा झाल्यावर, शेवटी सांगितलं. दारात उभं राहून सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेतूनच गेला असता. लिपिकांनी त्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात बँक खात्याची चूक होती ती काढली. तो अर्ज वर्षभर अडकला होता आणि कुणी पाठपुरावा केला नव्हता. बाईंनी लाल शेरा बंद केला आणि सुट्टीनंतर त्याला दहाऐवजी चार उदाहरणं द्यायला लागल्या. काका कुरकुरले. पहाटेचं जाणं थांबायला दोन महिने लागले. मुलगा काही पहिला-दुसरा आला नाही. आठवीत ठीकठाक पास झाला आणि उलट बोलणं कमी झालं. एवढंच.

तुमच्या शाळेसाठी यातून जे उचलायचं ते असं. आठवड्यातून एकदा वीस मिनिटांची बैठक. वर्गशिक्षक आळीपाळीनं, पण शिपाई, पोषण आहाराच्या ताई, लिपिक आणि समुपदेशक मॅडम यांच्यापैकी निदान दोघं प्रत्येक वेळी. विषय एकच: या आठवड्यात कुणाचं काय बदललेलं दिसलं? 'कोण वाईट वागतं' हा प्रश्न तिथं विचारायचा नाही. मुलाच्या स्वभावापेक्षा त्याच्यातला बदल बघा. मुळातच गप्प असणारं मूल गप्प आहे, यात काही नाही. बडबडी मुलगी सोमवारपासून गप्प आहे, यात काहीतरी आहे.

नोंद करायची असेल तर विशेषणं टाळायची, हा नियम कडकच ठेवा. 'आळशी', 'आगाऊ', 'घरचं लक्ष नाही' हे शब्द बैठकीत आले की थांबवून विचारायचं, "म्हणजे काय दिसलं?" मग माणूस सांगतो: तीन दिवस डबा आणला नाही, मैत्रिणींना सोडून शेवटच्या बाकावर बसते, पी.टी.च्या तासाला पोट दुखतं म्हणते. यावर काहीतरी करता येतं. 'आगाऊ' या शब्दावर काय करणार? (आता जरा आडवाटेला जाते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून आपण सगळे वर्णनात्मक नोंदी लिहितो. वर्गातल्या साठ मुलांच्या साठ नोंदी त्याच सात वाक्यांत बसवलेल्या मी कितीदा पाहिल्या आहेत, आणि स्वतः लिहिल्याही आहेत. 'उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो.' कोणता उपक्रम, कसला उत्साह! त्या रकान्याचा खरा उपयोग करायचा तर वर्षातून एका मुलाबद्दल तरी एक खरं वाक्य लिहा.)

आता बोलण्याबद्दल. आपल्याकडची निम्मी मुलं घरी वऱ्हाडी-नागपुरी बोलतात, काही हिंदी, काही दोन्हीची मिसळ. मूल रडवेलं होऊन म्हणतं, "मॅडम, मले नाही जमून राहिलं." आणि आपण सवयीनं म्हणतो, "मले नाही, मला म्हण." झालं, बोलणं तिथंच संपलं. व्याकरण दुसऱ्या दिवशी शिकवता येतं. ज्या भाषेत मूल सांगतंय त्याच भाषेत ऐकायचं, आणि जमत असेल तर त्याच भाषेत विचारायचं, "काहून बेटा, काय झालं?" शिपाईभाऊंना मुलं जास्त सांगतात त्याचं अर्धं कारण हेच आहे असं मला वाटतं.

ऐकताना शिक्षकांची एक खोड आडवी येते, ती म्हणजे उपाय सांगण्याची घाई. शिकवण्याच्या धंद्यात उत्तर देणं हेच काम असतं, त्यामुळे मूल तिसऱ्या वाक्यावर पोचायच्या आत आपण 'अरे, त्यात काय एवढं' म्हणून मोकळे होतो. मी नव्या शिक्षकांना सांगते, मूल बोलतंय तोवर हातात पाण्याची बाटली धरा. उपाय तोंडात आला की एक घोट घ्या. हसतात, पण करतात. आणि कुणाचे वडील गेले असतील तर 'आता तूच घरातला कर्ता पुरुष' हे वाक्य अकरा वर्षांच्या पोराला कृपा करून कुणी ऐकवू नका. अंत्यविधीला आलेली अर्धी गल्ली ते सांगून गेलेली असते. शाळेत त्याला पुन्हा पाचवीतला मुलगा होता आलं पाहिजे.

त्याच पाचवीतल्या मुलासाठी तुमचे लिपिक जे करू शकतात ते मी नाही करू शकत. आई किंवा वडील गमावलेल्या, एकट्या पालकाच्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. दरमहा २,२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो आणि बालकल्याण समिती मंजूर करते. कोविडनंतर अनेक घरांना ही योजना ठाऊक झाली, तरी आजही दर वर्षी मला अशी दोन-चार मुलं भेटतात ज्यांच्या आईला हे कुणी सांगितलेलंच नसतं. शाळेचा बोनाफाईड दाखला, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, फोटो हे सगळं गोळा करून एका पिशवीत घालून देणारा लिपिक हा त्या मुलाचा भावनिक आधारच असतो. त्याला कुणी तसं म्हणत नाही, एवढंच.

अभ्यासाचं आणि मनाचं अशी दोन खाती वेगळी असतात, असं आपण धरून चालतो. वर्गात ती वेगळी कधी दिसत नाहीत. मस्ती करणारं मूल बघायचं तर मस्तीच्या आधीची दोन मिनिटं बघा. मराठीच्या तासाला बाकावरून क्रमानं वाचायला लावलंय, याचा नंबर चार मुलांवर आला की हा शेजाऱ्याला चिमटा काढतो, पाणी प्यायला जायचं म्हणतो, नाहीतर काहीतरी बोलून सगळ्यांना हसवतो. बाई बाहेर काढतात. त्याला तेच हवं असतं. वर्गासमोर अडखळत वाचून 'ढ' ठरण्यापेक्षा 'मस्तीखोर' ठरलेलं कुठल्याही पोराला परवडतं. अशा मुलाला मी बाजूला घेऊन तिसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद देते. सातवीतलं मूल तिथं अडलं, की वागणुकीची चर्चा बंद आणि वाचनाची सुरू.

त्यातल्या काहींना अध्ययन अक्षमता असते, म्हणजे बुद्धी नीट असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित अडतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. योग्य प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळाच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा, गरजेप्रमाणे लेखनिक आणि इतर सवलती मिळतात. पण हे प्रकरण दहावीच्या जानेवारीत सुरू करणाऱ्या शाळा आहेत, आणि मग पालक विभागीय मंडळाच्या पायऱ्या चढत बसतात. आठवीतच सुरू करा. आणि पालकाला 'मेडिकलला जाऊन या' किंवा 'मेयोत विचारा' (आपली दोन सरकारी रुग्णालयं) एवढं सांगून पाठवू नका. कोणत्या विभागात, कोणत्या वारी, किती वाजता, बरोबर काय न्यायचं, हे लिपिकानं आधी विचारून चिठ्ठीवर लिहून द्यावं. हमालीवरचा दिवस बुडवून गेलेला बाप एकदा हात हलवत परत आला की पुन्हा जात नाही.

प्रमाणपत्राची वाट बघत बसायचंही कारण नाही. फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील कागद देणं, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण विज्ञानात न कापणं, अचानक उभं करून वाचायला न लावणं, तोंडी उत्तर घेणं: यातल्या कशालाच कुणाची सही लागत नाही. उरलेल्यांपैकी बऱ्याच मुलांना अक्षमता वगैरे काही नसते. दुसरीत शाळा बदलली, गावाहून आले, कोविडची दोन वर्षं गेली, अशा कारणांनी पाया कच्चा राहिलेला असतो. त्यांना रोज पंधरा मिनिटं कुणीतरी समोर बसवून वाचून घेतलं तर दिवाळीपर्यंत फरक पडतो. हे काम आमच्या एका शाळेत ग्रंथपाल करतात, त्यांच्याकडे त्या वेळी एवीतेवी कुणी येत नसतं.

पालकांना सांगणं अवघड असतं, मान्य. 'समुपदेशन' हा शब्द ऐकला की "माझं पोरगं काय पागल आहे का?" हे ठरलेलं. मी तो शब्द पहिल्या भेटीत वापरतच नाही. वही समोर ठेवते. वहीवर भांडता येत नाही.

इथं माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण तुमची शाळा आत्ता नेमकी त्याच वळणावर आहे. समुपदेशक म्हणून माझं दुसरंच वर्ष होतं. नववीतली एक मुलगी गळाठलेली दिसते असं बाईंनी सांगितलं. मी उत्साहानं शिपायाच्या हाती चिठ्ठी पाठवली: नाव, तुकडी, 'समुपदेशनासाठी'. चालू तासाला सरांनी ती चिठ्ठी मोठ्यानं वाचली. मागच्या बाकांवरून 'ओऽऽ' असा आवाज आला. मुलगी आली, खाली मान घालून दहा मिनिटं बसली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस शाळेतच आली नाही. तिची अडचण काय होती ते मला कधीच कळलं नाही; तिनं पुन्हा माझ्याशी बोलणं टाळलं, आणि ते तिचं बरोबरच होतं.

त्यानंतर मी काही गोष्टी हट्टानं मागते. चिठ्ठीवर फक्त 'कार्यालयात' लिहायचं आणि ती घडी घालून द्यायची. समुपदेशकानं प्रत्येक वर्गावर महिन्यातून एक तास सगळ्यांसाठी घ्यायचा, म्हणजे तिच्याकडे जाणारं मूल 'तसलं' ठरत नाही. मधल्या सुट्टीत तिनं स्टाफरूममध्ये न बसता मैदानावर फिरायचं. खोली मुख्याध्यापकांच्या दालनाशेजारी नको. तिथं शिक्षेसाठी रांग लागते आणि दोन्ही रांगा एकच वाटतात. ग्रंथालयाचा कोपरा चांगला, कारण तिथं जायला कारण लागत नाही. आणि शिक्षकांनी धमकी म्हणून 'आता मॅडमकडेच पाठवते थांब' म्हणणं बंद करायचं. हे शेवटचं सगळ्यात कठीण आहे.

वर्गशिक्षकानं करता येण्यासारखं एक काम मला फार आवडलं, ते सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा आणि मारबत असते, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी-पिवळी मारबत बघायला महाल-इतवारीत लोटणारी गर्दी आणि 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी इथल्या मुलांना सांगावी लागत नाही. एका शाळेतल्या सहावीच्या बाईंनी पोळ्याच्या आदल्या दिवशी मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या: नाव घालायचं नाही, मारबतीनं काय घेऊन जावं ते लिहा. डब्यात पन्नासेक चिठ्ठ्या जमल्या. 'इंग्रजीचा पेपर' बऱ्याच होत्या. 'मच्छर' होते, 'आमच्या गल्लीतला नाला' होता. एकीवर होतं, 'बाबांची बाटली'. एकीवर, 'मी वाचते तेव्हा हसतात ते हसणं'. बाईंनी चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या नाहीत, अक्षरावरून कुणाची ती हुडकायलाही गेल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी वर्गात क्रमानं मोठ्यानं वाचायला लावणं थांबवलं, जोडीजोडीनं वाचन सुरू केलं. बाटलीबद्दल त्यांनी काय केलं? आमच्या बैठकीत आणलं, आणि आम्ही पूर्ण वर्गाला 'घरी भीती वाटली तर कुणाला सांगायचं' हा तास घेतला. महिनाभरानं एक मुलगा स्वतः आला.

आता 'कुठं थांबायचं' याबद्दल. इथं मी अजिबात सैल बोलणार नाही.

लैंगिक छळाची शंका असेल तर तो शाळेचा अंतर्गत मामला राहत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला. 'ज्याला कळलं त्यानं' कळवायचं, मग तो शिक्षक असो, शिपाई असो की रिक्षावाला. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसानं केलेला गुन्हा संस्थाप्रमुखानं दाबला तर एक वर्षापर्यंत. 'आधी संस्थाचालकांना विचारू', 'मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, गाजावाजा नको' ही वाक्यं मी ऐकलेली आहेत. ती बोलणारी माणसं वाईट नव्हती, घाबरलेली होती. मुलानं एकदा सांगितलं की त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचं नाही. वर्गशिक्षक, मग पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक अशी फिरवाफिरव करायची नाही. ज्याला सांगितलं त्यानं मुलाचेच शब्द लिहून ठेवायचे, आपले घालायचे नाहीत. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन आधीच द्यायचं नाही. 'तुला सुरक्षित ठेवायला जेवढ्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच सांगेन' असं म्हणायचं. मुलाची ओळख कुठंही फुटता कामा नये, स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर नाहीच. २०२२ पासून शाळांना मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती करायला सांगितलेली आहे. बऱ्याच ठिकाणी ती भिंतीवरच्या फलकापुरती असते. तुमची समिती शेवटची कधी भरली, ते आज तपासा.

दुसरं, मूल मरणाची भाषा बोललं तर. 'नाटकं करते', 'मोबाईल काढून घेतला म्हणून' असं म्हणून सोडायचं नाही. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. सरळ विचारायचं, "स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?" विचारल्यानं ते डोक्यात घुसतं, ही समजूत चुकीची आहे, विचारल्यानं मुलाला सुटल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मुलाला एकटं घरी पाठवायचं नाही, ऑटोनंही नाही. पालक येईपर्यंत कुणीतरी शेजारी बसायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, शिक्षकानंही लावला तरी चालतो. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच. मॅडम शुक्रवारी येणार आहेत म्हणून बुधवारची गोष्ट शुक्रवारपर्यंत ठेवायची नाही, एवढं सगळ्या स्टाफला पाठ पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे का ते आम्ही ठरवू. तुमचं काम मुलाला तोवर एकटं न पडू देणं.

मारणं, अंगठे धरून उभं करणं, वर्गासमोर गुण वाचून दाखवणं यावर लिहायला नको होतं, पण लिहावं लागतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं, हे बहुतेकांना माहीत आहे. छडी गेली, टोमणे राहिले. 'तुझ्या बहिणीकडे बघ' हा टोमणा एका दिवसात बंद करता येतो, खर्च शून्य.

शिक्षकांनी हे सगळं कधी करायचं, हा प्रश्न तुमच्या बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत येईल आणि तो रास्त आहे. ऑनलाइन माहिती भरा, आधार जुळवा, निवडणुकीची कामं करा, आणि वर मुलांची मनं सांभाळा. मी त्यांना नवं काम देत नाही. वर्गशिक्षकानं हजेरी घेताना वहीऐवजी चेहऱ्याकडे बघून नाव घेतलं तर मिनिटभर जास्त लागतो, आणि निम्म्या गोष्टी त्या मिनिटात दिसतात. बाकीचं बैठकीत वाटून घ्यायचं असतं, एकट्यानं उचलायचं नसतं. एखाद्या शिक्षिकेला मुलाचं ऐकून रात्री झोप लागली नाही तर तिनंही समुपदेशक मॅडमशी बोलावं. मी तर दर टर्मला एक दुपार फक्त स्टाफसाठी राखून ठेवते. पहिल्या वर्षी कुणीच आलं नाही. आता पाच-सहा जणी येतात, आणि गेल्या वर्षी एक सर आले.

ऑटोवाल्या काकांना विसरू नका. ते मुलांना घराच्या दारात बघतात, तुम्ही नाही. वर्षातून दोनदा त्यांना चहाला बोलवा, तुमचा नंबर द्या आणि सांगा की एखादं मूल घरी उतरायला टाळाटाळ करत असेल तर फक्त एक फोन करा.

सुरुवात या शनिवारी करा. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून सगळे सुटल्या सुटल्या बैठक घेऊन मोकळे व्हायला बघतील. तसं करू नका. त्या वेळी पोषण आहाराच्या ताई भांडी घासत असतात. पंधरा मिनिटं थांबा, त्यांचे हात पुसून होऊ द्या, आणि खुर्ची त्यांच्यासाठीही मांडा.